गाणं बदलताना

चैत्र लागला की आमच्याकडे भर दुपारी पाड्यापाड्यांतून स्पीकर तपासल्याचे आवाज यायला लागतात. 'हॅलो, हॅलो, चेक' एवढंच. मग ढोलाचा एखादा तुकडा, मग पुन्हा सगळं गप्प. वाऱ्यावर आलेला तो आवाज नेमका कुठला ते कळत नाही. घोलवडच्या वाड्यांत लांब काठीची जाळी घेऊन चिकू काढणाऱ्या बाया घटकाभर हात थांबवतात, आज कोणाकडे हळद असेल त्याचा अंदाज बांधतात आणि पुन्हा फांदीत जाळी घालतात. विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा भरलेली असते, रस्त्याच्या कडेला ताडगोळे आलेले असतात आणि प्रत्येकाच्या घरी कुणाचं ना कुणाचं लग्न निघालेलं असतं.

हाच माझ्या कामाचा हंगाम. मी लग्नांत डीजे वाजवतो. घर डहाणू गावात, मच्छीमाराचं, दारात वलांडीवर बोंबील वाळतात. पण मला बोट लागते. मांगेल्याच्या पोराला समुद्र सोसत नाही हे चारचौघांत सांगायची सोय नाही, म्हणून वडिलांनी मला गुपचूप जमिनीवर सोडून दिलं. जमिनीवर मला गाणी सापडली. आईचं म्हणणं, हे काम म्हणजे दुसऱ्याच्या लग्नात उपाशी राहणं. ते बरंचसं खरं आहे.

ह्या वर्षीही ते 'हॅलो, चेक' कानावर आलं आणि मला नवशा आठवला. तसा तो दर वर्षी आठवतो. पण पूर्वी आठवण यायची आणि कामात विरून जायची. आता काम उरलेलं नाही, म्हणजे लग्नं पुष्कळ आहेत, तारखा भरलेल्या आहेत, पण टेम्पोवर उभं राहून करण्यासारखं काही उरलेलं नाही. रिकाम्या हातांना आठवणी फार येतात.

नवशा भेटला त्या लग्नसराईत माझ्याकडे दोन सीडी प्लेअर होते आणि मध्ये एक मिक्सर. एक गाणं लोकांना ऐकू जायचं, दुसरं फक्त मला. हेडफोनचा एक कप कानावर, दुसरा कानामागे सरकवलेला. एका कानात चाललेलं गाणं, दुसऱ्या कानात पुढे येणारं. दोघांचा ठेका एक होईपर्यंत प्लेअरवरची चकती बोटाने मागेपुढे ढकलत राहायचं. त्यात आमच्याकडची नाचाची गाणी घरगुती, कुठल्यातरी खोलीत बसून सनई, ढोल आणि बँजोवाल्यांनी वाजवलेली. ढोलवाला रंगात आला की गाणं पळायला लागतं, दमला की बसकण मारतं. अशी दोन गाणी जोडायची म्हणजे दोन बकऱ्यांना एका दोरीने चालवायचं. बोट चकतीवरून उचलायची सोय नसायची. मे महिन्याच्या उन्हात टेम्पोच्या फळीमागे उभा राहून मी दोन्ही कान भरलेले, दोन्ही हात गुंतलेले असा असायचो. मला तेव्हा एकटेपणा म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं.

नवशा स्पीकरचे बॉक्स चढवायला-उतरवायला आमच्याबरोबर आला होता. तलासरीच्या पलीकडे एका पाड्यावर राहणारा वारली, माझ्याच वयाचा, उंच, पायांनी काटक. त्याचा बाप तारपा वाजवायचा. पहिल्याच लग्नात त्याने मला झापलं. गाणं बदलून झाल्यावर तो फळीपाशी आला आणि म्हणाला, "तू कवा बदलतंस गाना? सगल्यांचा पाय वरती, नि तू बदलतंस. माणसा पडतील ना."

"इथून पाय कुठे दिसतात?" मी म्हटलं. आणि खरंच दिसत नव्हते. समोर मंडपाचं कापड, जनरेटरचा धूर, अंगणातली धूळ. मला दिसायची ती डोकी, आणि डोकी सगळ्यांची सारखीच हलतात.

"मंग मी बघतो," तो म्हणाला.

तेव्हापासून आमची पद्धत पडली. नवशा नाचणाऱ्यांच्या ओळीत पहिला लागायचा. कमरेला कमर धरून चाललेल्या त्या लांब ओळीच्या टोकाला त्याचा एक हात मोकळा असायचा आणि खांद्यावर टॉवेल. टॉवेल उजव्या खांद्यावर असला की चालू दे. डाव्यावर घेतला की बदल, म्हणजे ह्या फेरीत ओळीचा पाय जमिनीला लागेल तेव्हा. डोक्याला गुंडाळला की आवाज खाली आण आणि थांब. मी टॉवेल बघायचो, तो पाय बघायचा. बघणाऱ्यांना वाटायचं डीजेवाला भारी आहे. माझं काम खरं तर उंटावरून शेळ्या हाकण्याचं. शेळ्यांमध्ये उभा होता तो नवशा.

त्याने मला सांगितलं होतं की तारप्याच्या नाचात वाजवणारा मधोमध असतो. नाचणारे त्याच्याभोवती फिरतात, त्याने सूर बदलला की पावलं बदलतात. त्यांनी त्याच्याकडे पाठ करायची नाही आणि त्याने ओळीच्या पुढच्याकडे. "माझा बा पाय बघून वाजवायचा. पाय दमलं का सूर बदलायचा." मग माझ्या फळीकडे हात करून हसला. "नि तू त माडीवर चढून बसलास."

आमच्या पद्धतीची फजिती एकदाच झाली, आणि ती आमच्याच गावात. माझ्या चुलतबहिणीच्या हळदीला नवशा आला होता. आम्ही किनाऱ्यावरचे लोक ओळ धरून नाचत नाही. ज्याला जिथे जागा मिळेल तिथे समोरासमोर, साडीचे ओचे खोचून, कोपर उडवत नाचतो. नवशा टॉवेल घेऊन त्या गर्दीत शिरला आणि पुढचं टोक शोधत राहिला. टोक नव्हतंच. त्याला माझ्या मावश्यांनी मध्ये घेतलं, गरागरा फिरवलं, टॉवेल ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर उडत राहिला आणि मी प्रामाणिकपणे दर वेळी गाणं बदलत राहिलो. मोठी मावशी कमरेवर हात ठेवून टेम्पोपुढे उभी राहिली. "काय रं हेमंत, एक गाना धड पुरा नाय करीत! वारा शिरला काय तुझ्यात?" नवशा नंतर घाम पुसत मला म्हणाला, "ह्यांचा पुढचा कुठला नि मागचा कुठला, ताच कलत नाय." त्या दोघांना एकाच वेळी समजावणं मला जमलं नाही. मी फक्त हसत होतो.

त्याच हंगामातली दुसरी एक आठवण आहे. एका पाड्यावर दुपारी लग्न लागायचं होतं. अंगणात नाच भरात आलेला. एवढ्यात घरातून धवलेरी बाहेर आली. धवलेरी म्हणजे वारल्यांच्यात लग्न लावणारी बाई, तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. म्हातारी, ठेंगणी, दारात उभी राहून तिने गायला सुरुवात केली असावी. माझ्या बॉक्ससमोर तिचा आवाज कुठे पोचणार? नवशाने टॉवेल डोक्याला गुंडाळला. मी आवाज हळूहळू उतरवत नेला, ढोल, मग सनई, मग नुसती खरखर, मग काही नाही. जनरेटरवाल्यानेही जनरेटर बंद केला. आणि त्या शांततेत तिचा पातळ, किंचित चिरका आवाज एकदम स्वच्छ ऐकू आला. नाचणारे आहेत त्या जागी, एकमेकांच्या कमरेतले हात न सोडता उभे. मला एक शब्द कळला नाही. हेडफोन काढून मी गळ्यात घेतला होता. आपण इतका वेळ जो गोंगाट केला तो बहुतेक ह्या थांबण्यासाठीच होता, असं मला त्या दिवशी वाटलं. आजही वाटतं.

आता माझ्याकडे लॅपटॉप आहे आणि त्याला जोडलेला एक चपटा कंट्रोलर. मला सामान पुरवणाऱ्या तलासरीच्या मंडपवाल्या शेठने तो आणला तेव्हा खोकं उघडताना त्याचा चेहरा घरात नवी सून आल्यासारखा होता. "हेमंतभाय, आ बधुं ऑटोमॅटिक छे. तुम्हाला फक्त लग्नाला जायचं." पडद्यावर दोन गाण्यांच्या लाटा एकाखाली एक सरकतात. एक बटण दाबलं की दोन्ही ठेके आपोआप जुळतात. दुसरं बटण दाबलं की पुढचं गाणं कोणतं, ते कधी आणायचं, जुनं कधी काढायचं, सगळं तेच ठरवतं. पळणारी गाणी पळत नाहीत, बसणारी बसत नाहीत. सगळी एका मापात येतात.

आणि जोड दिसत नाही, हे कबूल केलं पाहिजे. माझ्या बोटाने लावलेला सांधा ऐकणाऱ्याला कधीमधी खटकायचाच. ह्याचा नाही. पहिल्या दिवशी मी दोष शोधायला बसलो होतो, सुनेच्या हातची भाजी आवडली तर पंचाईत होईल अशा सासूसारखा. पंचाईत झाली.

फक्त त्याला रिकामं राहता येत नाही. ह्याच चैत्रात, एका पाड्यावर, धवलेरी दारात आली. टॉवेलवाला कोणी नव्हता, मलाच दिसली. मी घाईने गाणं खाली आणलं. यंत्राला वाटलं गाणं संपलं, त्याने दुसरं सुरू केलं. ते खाली ओढलं, त्याने तिसरं आणलं. पोरं खिदळायला लागली. मी शेवटी वायर उपटली. म्हातारी थांबून माझ्याकडे बघत होती. "तुझा डबा ऐकत नाय काय रं तुझा?" तिने विचारलं, अगदी मायेने, उनाड पोराच्या बापाला विचारावं तसं. चूक माझीच होती, ऑटो बंद करायला हवं होतं. पण त्या दिवशी गाडी चालवत परत येताना, दोन्ही बाजूंना चिकूच्या वाड्या आणि मधून मी एकटा, तिचा तो प्रश्न मी दोनदा मोठ्याने म्हणून पाहिला.

मागे बोर्डीच्या एका रिसॉर्टमध्ये पार्टीला बॉक्स लावायला गेलो होतो. वाजवायला मुंबईच्या क्लबमधला डीजे होता, कानात बाळी, गळ्यात हेडफोन. त्याचे दोन्ही हात सगळा वेळ वर. मला प्रश्न पडला, दोन्ही हात वर, मग वाजवतंय कोण? मधल्या वेळात मी त्याला विचारलंही. मुलगा चांगला होता, चिडला नाही. म्हणाला, "दादा, बीट मॅच करणं हे काय स्किल आहे? ते मशीन करतं, करू दे ना. आपण क्राउड वाचायचा. कुठलं गाणं, कधी, कोणासाठी, ते मशीनला थोडीच कळतं?"

त्याचं बरोबर आहे. मी ते पुष्कळ दिवस मनात घोळवलं आणि दर वेळी ते बरोबरच निघालं. कौशल्य कमी होत नाही, ते बोटांतून निघून डोळ्यांत जातं, असं काहीतरी तो म्हणत होता. पण मग माझं काय? माणसं वाचायचा तो नवशा. माझ्या वाटणीला आली होती ती बोटं, आणि नेमकी तीच यंत्राने घेतली. जोडीतला अर्धा मी, आणि माझाच अर्धा भाग बिनकामाचा ठरला.

वडिलांजवळ एकदा हे बोललो. ते जाळं तुणत बसले होते. त्यांच्या तरुणपणी समुद्रात गेल्यावर महालक्ष्मीच्या डोंगराचा सुळका आणि किनाऱ्यावरची सुरूची झाडं एका रेषेत आणून ते जागा ओळखायचे. मग बोटीवर जीपीएस आला. मी विचारलं, "तुम्हाला वाईट नाय वाटला?" ते म्हणाले, "वाईट कसला? धुक्यात बी घरी येता येतो." थोडा वेळ तुणत राहिले. मग म्हणाले, "आता डोंगराकडे बघायचा राहून जातो, येवढाच."

नवशा सीमेपलीकडे गुजरातेत एका कंपनीत लागला त्याला बरीच वर्षं झाली. पाळीचं काम, सुट्टी मिळत नाही, फोन उचलला जात नाही. भांडण झालं नाही की काही नाही. एका हंगामाला तो आला नाही, पुढच्याला मी बोलावलं नाही, असं होत होत आम्ही सुटलो. ह्या वैशाखात त्याचा फोन आला. पुतणीचं लग्न. "आथा तूच ये. दुसरा डीजे नको."

मी सांगतो मला काय हवं होतं. मला हवं होतं की नवशाने ओळखावं. बाकी साऱ्या तलासरी-डहाणूला फरक कळला नाही तरी चालेल, पण ज्याने माझा एकेक सांधा पायाने तपासला होता त्याला तरी कळावं की आत्ताचं गाणं हेमंतच्या बोटांनी आलं आणि हे डब्याने आणलं. कळलं, तर इतकी वर्षं टेम्पोवर कोणीतरी होतं ह्याला एक साक्षीदार मिळाला. नाही कळलं तर काय, हा विचार मी लग्नाला जाताना घोलवड मागे पडेपर्यंत केला आणि मग रेडिओ लावला.

अंगण नुकतंच सारवलेलं होतं. मंडपाला जांभळीच्या ताज्या डहाळ्या. नवशा पोटाला सुटला होता, अंगात इस्त्रीचा शर्ट, खांदा रिकामा. मला मिठी मारताना त्याने पाठीवर इतक्या थापा दिल्या की मला खोकला आला. मग पाहुणे आले आणि तो त्यांच्यात गेला.

उन्हं उतरायला लागली तेव्हा नाच सुरू झाला. मी ऑटो बंद केलं, जुळवणीचं बटणही बंद केलं, हेडफोन एका कानावर घेतला आणि हाताने वाजवायला सुरुवात केली. बोटं सुरुवातीला बावचळली, मग त्यांना आठवलं. ओळीच्या टोकाला नवशा होता. टॉवेल नव्हता, म्हणून मी त्याचा खांदा बघून अंदाज बांधत होतो. तीन-चार गाणी मी अशी बदलली की मलाच मान डोलवावीशी वाटली. नवशाने एकदाही वर पाहिलं नाही. तो नाचत होता आणि शेजारच्याशी जोरजोरात काही बोलत होता.

मग एका फेरीत तो टेम्पोपाशी आला. "हेमंत! थय काय करतंस? मशीन वाजवतंय ना आपसूक? माझा भाचा सांगत होता, हल्ली सगला आपसूक होते. खाली ये. येवढी वर्सा बघत रायलास, एक डाव नाच तरी."

मी ऑटोचं बटण दाबलं, हेडफोन खिळ्याला टांगला आणि खाली उतरलो.

नवशाने मला स्वतःच्या आणि त्याच्या मेहुण्याच्या मध्ये घेतलं. एक हात ह्याच्या कमरेत, एक त्याच्या. इतक्या लग्नांत हा नाच बघितला होता आणि मला एक पाऊल येत नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणावं, तर अंगण तळहातासारखं सपाट. मेहुणा समजूतदार होता, तो हळू आवाजात "डावा, डावा, आथा मागं" असं सांगत होता. धूळ खालून वेगळीच लागते. आवाजही वेगळा लागतो, तो छातीत येत नाही, जमिनीतून पोटऱ्यांत चढतो.

आणि गाणं बदललं. ढोलाची पहिली थाप पडली तेव्हा आख्ख्या ओळीचे पाय वर होते. चुकलं होतं, अर्ध्या पावलाने चुकलं होतं. मी अडखळलो, मेहुण्याच्या पायावर पाय दिला. ओळ मात्र अडखळली नाही. पाय खाली आणता आणताच सगळ्यांनी नवा ठेका उचलला आणि ओळ पुढे गेली, जशी ती कदाचित माझ्या प्रत्येक चुकीनंतर आणि प्रत्येक बरोबर थापेनंतर गेली असेल. मी नवशाकडे बघितलं. त्याला कळलंच असणार. आता बोलेल.

त्याच्या कपाळावरून घाम वाहत होता आणि चेहरा आनंदाने फुलला होता. "आज जाम बेस वाजवतंस हां तू," तो मला म्हणाला.

माझा हात त्याच्या कमरेत होता. आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं नाही आणि मी आणून दिलं नाही. फार वाईट वाटलं. वर जाऊन सगळं बंद करावं असं वाटलं, पण फेरीच्या मध्ये ओळ सोडता येत नाही, दोन्हीकडून लोकांनी धरलेलं असतं. मग मी नाचत राहिलो. मेहुण्याने 'डावा, डावा' म्हणणं कधीतरी थांबवलं होतं. समोर बघणाऱ्यांत नवशाची म्हातारी आई होती, ती माझ्या पायांकडे बघून तोंडाला पदर लावून हसत होती, आणि मलाही हसू आलं. माझे पाय मला न विचारता पडत होते.

मग एकाएकी लक्षात आलं की आपण वेगळ्याच गाण्यावर नाचतोय. ते कधी सुरू झालं, आधीचं कुठे संपलं, मला पत्ता नव्हता. असं माझं आयुष्यात झालं नव्हतं. मी मान वळवून टेम्पोकडे पाहिलं. उतरत्या उन्हात लॅपटॉपचा पडदा नुसता काळा दिसत होता आणि फळीमागे कोणी नव्हतं. तिथे उभा असायचा त्या माणसाची मला अतोनात आठवण आली. त्या भरल्या अंगणात ती फक्त मलाच येत होती.